हवेवरचा बैल

“हात वर!”

कूलर दुरुस्त झाला, जाळी लागली, टंकीत पाणी भरलं, की बटणाला बोट लावायच्या आधी आमचे कूलरवाले काका असे ओरडायचे. मग घरात जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी दोन्ही हात वर करायचे. दोन्ही. एका हातात चहाचा कप आहे ही सबब चालत नसे. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एका घरी साखरपुडा होता आणि ऐन वेळी कूलर बंद पडला. काका आले, काम झालं, आणि नवरदेवासकट चाळीसेक पाहुणे हात वर करून उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. मुलाचे वडील जरा घुटमळले, तर काका त्यांना म्हणाले, “पाहुणे, तुमचे बी. बोटं का तुमच्याकडं जास्तीचे आहे?”

काकांकडे मात्र कमी होती. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पहिलं पेर त्यांनी विशीत असताना एका कूलरच्या पंख्याला देऊन टाकलं होतं. त्याबद्दल ते कधी हळहळले नाहीत. लहान पोरं जाळीत काडी घालताना दिसली की ते बोट त्यांच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, “पाह्य. इथं मोजाले शिक.” पोरं पळायची.

गेल्या वर्षापासून काका आमच्या लेआउटमध्ये नाहीत. मुलीकडे बेसाला राहायला गेले. नागपुरात आमच्या हुडकेश्वरहून बेसा काही लंडन नाही, पण रोजची गाठ संपली ती संपलीच. आता उन्हाळ्यात कूलर लावायला जो येतो तो सरळ बटण दाबतो. मी आपला हॉलच्या मध्यभागी हात वर करून उभा असतो, आणि बायको म्हणते, “खाली घ्या, बरं दिसत नाही.” तर अशा या माणसाबद्दल मला सांगायचं आहे, आणि त्यांनी केलेल्या एका उद्योगाबद्दल, ज्यात माझी स्वतःची अब्रू बरीच खर्ची पडली.

त्यांचं दुसरं वाक्य असं होतं: “चालू त कोणीबी करते जी. बंद कसं होते ते सांगा पहिले.” कोणी नवी गाडी दाखवायला आणो, नवा मिक्सर आणो, काकांचा प्रश्न हाच. शेजारच्या घरी सून आली आणि ती फार बोलते असं कोणी म्हणालं, तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला आणि काकूंनी त्यांना आत बोलावून घेतलं.

मी सदर भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. काका मला ‘सर’ म्हणायचे. पण त्या ‘सर’मध्ये आदर किती आणि परीक्षा किती, हे मला दहा वर्षांत कळलं नाही. मार्च ते जून सगळं दक्षिण नागपूर त्यांच्या मागे असे. चष्म्याची काडी मोटारीच्या तांब्याच्या तारेनं बांधलेली, खिशात टेस्टर, स्कूटरच्या पायदानावर पंप, आणि जेवायला फुरसत नाही. पाऊस लागला की हा माणूस एकदम रिकामा. आणि रिकामे काका म्हणजे काय, हे काकूंना विचारा.

काकू पूर्वी ब्लाउज शिवायच्या. हाताला इतकी सफाई, की सदरहून बायका रिक्षा करून यायच्या. मग संधिवात आला. बोटं सुजली, वाकली, मशीनवर चादर पडली. मी ओळखायला लागलो तेव्हापासून काकू मला दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरच दिसल्या, आणि तिथून त्या काकांच्या प्रत्येक कामावर देखरेख करत. अख्ख्या लेआउटला दरडावणारा माणूस या एका बाईपुढे गप्प बसायचा.

त्या उद्योगाच्या वर्षी जुलैत त्यांच्या दारात एक टेम्पो येऊन थांबला. आत लाकडी बैल होता.

तान्हा पोळा तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लाकडी बैलांचा पोळा भरतो. पोरं चाकांवरचे बैल सजवतात, दोरी धरून ओढत नेतात, घरोघरी पूजा होते, खाऊ मिळतो, आणि शेवटी मैदानात मानाचा बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून गेला, तोरण तुटलं, की पोळा फुटतो, म्हणजे सगळे बैल सुटतात. बहुतेक बैल मांजराएवढे असतात. हा बैल चांगला वासराएवढा होता. अस्सल सागवान, शिंगांना पितळी टोपणं, गळ्याखालच्या पोळीला कोरलेल्या वळ्या. काकूंच्या वडिलांनी, उमरेडकडच्या एका सुतारानं, स्वतःच्या हातानं घडवलेला. काकूंचा भाऊ वारला, भाचे फ्लॅटमध्ये गेले, आणि फ्लॅटमध्ये बैलाला जागा नाही म्हणून तो आत्याकडे आला. चाकं वाळवीनं खाल्लेली होती. उतरवायला आम्ही चौघं लागलो, त्यातला एक मी; माझी पाठ आठ दिवस बोलत होती.

काकू उठून आल्या. बैलाभोवती एक फेरी मारली. तळहात त्याच्या पाठीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, “सर, हा माह्या बाबानं केला. माह्या भावासाठी. तो पुढं दोरी धरून, अन् मी मांगं मांगं. एक डाव मी दोरी हातात घेतली त बाबानं काढून घेतली. म्हणे, पोरीचं काम नोहे.”

“आता धरा ना, काकू. आता तुमचाच बैल आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मला आपले दोन्ही हात दाखवले. “आता हे असे,” म्हणाल्या आणि हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दारात हजर.

“सर, वजन कमी कराचं हाय.”

“कुणाचं?”

“बैलाचं.”

आधी त्यांनी सरळ उपाय केला, हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. चांगली बेअरिंगची चाकं बसवली. बैल चालायला लागला की छान चालायचा. पण चालायला लागताना एक हिसका लागायचा. काकूंनी दोरी मनगटाला गुंडाळून ओढली आणि “आई गं” करून खालीच बसल्या. दोन दिवस गरम पाण्याची पिशवी घेऊन होत्या. “राहू द्या जी,” त्या काकांना म्हणाल्या, “हाव नाही मले.” पण हाव होती. रोज संध्याकाळी त्या बैलाची धूळ पुसत, आणि हे काका पाहत, आणि काका पाहतात हे मी पाहत होतो.

तेव्हा मी तो शब्द उच्चारला. हॉवरक्राफ्ट. वर्गात आपण जसं सांगतो तसं सांगितलं, म्हणजे आपल्याला कधी करावं लागणार नाही या खात्रीनं. एक सपाट फळी, तिच्याखाली कापडाचा घेर, वरून हवा कोंबायची. हवेची गादी तयार होते, फळी जमिनीपासून सुटते, आणि मग कितीही जड वस्तू असो, एका बोटानं सरकते. हिसका नाही.

काकांचा प्रश्न ठरलेला. “बंद कसं होते?”

“हवा बंद केली की खाली बसतं.”

“जाग्यावर?”

“जवळपास जागेवरच.”

“मंग होते,” काका म्हणाले, आणि माझे पावसाळ्यातले रविवार संपले.

चार फूट रुंदीची जाड प्लायवूडची गोल चकती कापली. तिचं नाव पडलं ‘तवा’. हॉवरक्राफ्ट हा शब्द काकांनी पुन्हा कधी तोंडातून काढला नाही. तव्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, कारण धारदार कड घेराला कापेल. आणि मग काकांनी ती चूक केली, जी चाळीस वर्षं कूलर दुरुस्त करणारा माणूसच करू शकतो. हवा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे कूलरचा पंखाच आला. अठरा इंची, नवी मोटार. तव्याला भोक पाडून बसवला. “हात वर!” आम्ही हात वर केले. पंखा घोंघावला, खालचं कापड फडफडलं, आणि तवा ढिम्म.

दुसरा पंखा लावला. ढिम्म. तिसरा लावला. आता तीन पंख्यांचं आणि तीन मोटारींचंच वजन इतकं झालं की बैल बसायच्या आधीच तवा दमला. मी छातीठोकपणे सांगितलं की मोटारीत ताकद नाही. काकांनी मान डोलवली. आठवडाभर आम्ही दोघं मोटारींना शिव्या देत होतो.

खुर्चीवरून काकू म्हणाल्या, “चुलीत ओलं लाकूड असलं त पंख्यानं पेटते का जी? फुंकणी लागते.”

बरोबर होतं. पंखा हवा भरपूर देतो, पण त्या हवेला जोर नसतो. जरा अडवली की मागे फिरते. फुंकणीतून येते थोडीच, पण ती दाबानं येते. हे मी नववीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. मला माझ्या कानांच्या पाळ्या गरम झालेल्या कळत होत्या. काका चष्मा पुसत म्हणाले, “सर, तुमी कोणत्या शाळेत शिकले म्हणता?”

मग भट्टीचा ब्लोअर आला. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कोळशाच्या भट्टीला लावतात तो. काकांनी तो सदरमधल्या एका ओळखीच्या पोहेवाल्याकडून जुना आणला, उघडला, पाती घासली, मोटार सुकवली, आणि त्याच्या तोंडावर एक सोडून दोन जाळ्या बसवल्या. एका जाळीत माझी करंगळी जात होती म्हणून दुसरी. हे तपासायला त्यांनी माझीच करंगळी वापरली, अर्थातच ब्लोअर बंद असताना आणि पिन काढून स्वतःच्या मुठीत धरून.

घेर शिवायचं काम म्हणजे तर नाटकच. कापड म्हणून जुना फ्लेक्स घेतला; गल्लीतल्या एका होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचा, हसऱ्या चेहऱ्याचा. काकूंच्या मशीनवरची चादर इतक्या वर्षांनी निघाली आणि मशीनवर काका बसले. काकू मागे उभ्या.

“घेर कमी घेतला तुमी.”

“बराबर हाय वं.”

“परकर शिवले का कधी? मी हजार शिवले. कमी हाय. उसवा.”

“फ्लेक्स हाय तो, उसवला त भोकं राह्यते.”

“म्हणून पहिलेच बराबर शिवाव लागते.”

काकांनी दुसरा फ्लेक्स आणला, त्याच नेत्याचा. त्या माणसाचे फ्लेक्स कमी पडण्याची भीती नव्हती. घेर तव्याच्या कडेला पट्टीनं आवळला, खाली मध्यभागी रंगाच्या बादलीचं झाकण ठेवून बोल्टनं घट्ट केला, आणि झाकणाभोवती हवा जायला सहा भोकं पाडली. हवा भरली की नेत्याचे गाल हळूहळू फुगायचे. एकदा तो स्वतःच पाहायला आला. आपला चेहरा असा टम्म झालेला पाहून त्याला वाईट वाटेल म्हणून मी पुढे झालो, तर तो खूश. म्हणाला, मी बसतो वर, फोटो काढा.

“पहिले रेती, मंग बैल. माणूस नाही,” काका म्हणाले.

“पाचच मिनिटं, काका.”

“माणूस नाही जी. माह्या जवायानं म्हटलं तरी नाही.”

रेतीची पोती ठेवली तो दिवस मला आठवतो. बैलाच्या वजनाहून अर्धं जास्त वजन आधी ठेवायचं, हा काकांचा हिशेब. करंट गळला तर वीज आपोआप तुटेल असा डबा वायरीवर बसवला होता, पायात रबरी चपला, कानात कापूस. “हात वर!” ब्लोअर किंचाळला. गाल फुगले. आणि ती चार पोती, जी उचलताना आमचे घामटे निघाले होते, बोटभर वर आली. मी नुसतं बोट लावलं आणि ती सरकली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. अठरा वर्षं मी जे फळ्यावर लिहीत होतो ते खरं होतं!

मात्र तवा थांबेना. गल्लीतला नवा सिमेंटचा रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता. पाणी वाहून जावं म्हणून. चाकाला ते कळत नाही, तव्याला लगेच कळलं. तो आपल्या मर्जीनं नालीकडे निघाला. काकांनी बटण बंद केलं आणि तो नालीच्या काठावर धप्पकन बसला. त्यावर उपाय काकूंनीच सांगितला: खऱ्या बैलाला जसा कासरा असतो तशी एक बाजूची दोरी हवी. ती दोरी वरच्या अंगानं धरून चालायचं काम मला मिळालं. विज्ञानाच्या शिक्षकाला शेवटी बैल सांभाळायला लावलं.

आता प्रश्न उरला वायरीचा. घरापासून मैदान चांगलं दोन-अडीचशे पावलं. वायर होती तीस मीटर. मी म्हटलं, जोडून घेऊ. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना कोणाचा खून करायला सांगतो आहे. “वायरले जोड नाही. पाण्यापावसाचे दिवस हाय.” दोन दिवस ते गल्लीत पावलं मोजत हिंडले. मग त्यांनी ठरवलं की वायर एकच राहील, पण बटण दर दोन-तीन घरांनी बदलेल. एका घरातून वीज घ्यायची, बैल वायर पोचेल तिथवर न्यायचा, खाली बसवायचा, पुढच्या घरात पिन लावायची. पोळ्याचा बैल नाहीतरी दारोदार थांबतोच.

म्हणजे घरं तपासणं आलं. काका डबा आणि टेस्ट लॅम्प घेऊन एकेका दारात उभे. पहिलंच दार माझं. त्यांनी माझ्या हॉलमधल्या तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये तारा घातल्या, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा घातल्या आणि शांतपणे म्हणाले, “सर, तुमच्या घरी अर्थिंगच नाही.”

वरचं छिद्र नुसतं शोभेचं होतं. मागे तारच नव्हती. माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली ती फक्त माझा चेहरा पाहायला.

मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले, मैदानाला लागून राहतात. त्यांच्याही घरी तेच. ते भडकले. “तीस वर्षं राहतोय मी या घरात! काही झालं का?”

“नाही झालं म्हणून त बोलून राह्यले तुमी,” काका म्हणाले.

अध्यक्षांनी दार लावून घेतलं. पण चार दिवसांनी त्यांच्या अंगणात खड्डा खोदलेला दिसला आणि त्यात काका मीठ-कोळसा भरत होते. एका लाकडी बैलापायी आमच्या अख्ख्या गल्लीला अर्थिंग झालं, असं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात असेल तर मला कळवा.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी आभाळ भरलेलं, पण कोरडं होतं. बैलाला झूल घातली, शिंगांना बेगड लावली. काकू नवी हिरवी साडी नेसल्या होत्या आणि काकांच्या हुकमानं पदर कमरेला घट्ट खोचला होता. ओढायच्या दोरीच्या टोकाला काकांनी मऊ कापडाचा एक फासा केला होता. धरायचं नाही, नुसतं तर्जनी त्यात अडकवायची. मला त्यांनी कासऱ्याला उभं केलं. वायर बांबूवर उचलून धरायला शेजारच्या दोन सुना. आणि स्वतः ते बटणाशी.

“तुम्ही पुढे चला ना, काका,” मी म्हणालो. “बटण कुणीही दाबेल.”

“नाही. बटनवाल्यानं बटन अन् वायर, दोनच गोष्टी पाहाच्या. तिसरीकडं नजर गेली की बोट गेलं.”

सगळ्या गल्लीनं हात वर केले. ब्लोअर सुरू झाला, नेत्याचे गाल फुगले, आणि काकूंच्या वडिलांचा बैल जमिनीवरून उठला. काकूंनी बोट पुढे केलं, आणि तो चालला.

कोणी टाळी वाजवली नाही. खरंच नाही. सगळे नुसते पाहत राहिले. पहिल्या घराशी काकू थांबल्या, बैल बसला, त्याला ओवाळलं, पायांवर पाणी घालायचं ते मात्र काकांनी लांबूनच दाखवायला लावलं, आणि पिन पुढच्या घरी गेली. पुन्हा उठला, पुन्हा चालला. प्रत्येक दारी आरती, प्रत्येक दारी काकांची पिन. काकूंनी आधी दोनदा मागे वळून पाहिलं. मग पाहायचं विसरल्या.

अध्यक्षांच्या घरातून शेवटची पिन लागली. पुढे मैदान, दोन बांबूंना बांधलेलं तोरण, तोरणाजवळ, पहिला मान काकूंच्या बैलाचा म्हणून आपापले बैल घेऊन थांबलेली शंभरेक पोरं. वायर बरोबर तोरणापर्यंत पुरणार होती. निम्मं अंतर काटलं आणि माझ्या मनगटावर एक थेंब पडला.

ब्लोअर बंद झाला. बैल बसला.

“अजी,” काकू ओरडल्या, “काहून बंद केलं?”

“पाणी येऊन राह्यलं.”

“भुरभुर तर हाय! वीस पावलं उरले.”

“नाही.”

अध्यक्ष म्हणाले, छत्री धरतो. मी म्हणालो, काका, डबा आहे ना, अर्थिंग आहे, वीस पावलांत काय होतं. हो, मीही म्हणालो. मला त्याची अजून लाज वाटते. काकांनी पिन उपटली आणि मुठीत धरली. तशीच ती घेऊन ते बैलापर्यंत चालत आले. पाऊस वाढला.

काकू भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, “तुमच्या बापाचा बैल नोहे ना तो. म्हणून.”

काकांनी चष्म्यावरचं पाणी पुसलं. मग हळू म्हणाले, “तोरण पुढच्या सालीबी बांधते वं लोकं. तुले काही झालं त मी काय करू?”

चार पोरं पुढे आली, म्हणाली, काकू, आम्ही उचलून नेतो. काकूंनी मान हलवली. “माह्या हातानं नाही त नको.” आणि त्या बैलाजवळ पावसात तशाच उभ्या राहिल्या, बोट फाशात अडकवून. ब्लोअरवर कोणीतरी प्लास्टिक टाकलं. मैदानातल्या पोरांची चुळबूळ सुरू झाली. तोरण तुटल्याशिवाय पोळा फुटत नाही आणि खाऊ मिळत नाही.

तेवढ्यात अध्यक्ष, तेच, अर्थिंगवरून दार लावून घेणारे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तोरणाकडे निघाले. “काय पाहता रे? उपटा बांबू!”

बांबू रेतीच्या डब्यांत रोवलेले होते. दोघांनी एक, दोघांनी दुसरा असे ते उचलले, आणि आंब्याच्या पानांचं ते लांबलचक तोरण, पाणी गळत, लचकत, मैदानातून आमच्याकडे यायला निघालं. त्याच्यामागे शंभर पोरं, शंभर लाकडी बैल, चाकांचा खडखडाट. तोरण जवळ आलं, काकूंच्या बैलाच्या शिंगांवरून गेलं, काकूंच्या डोक्यावरून गेलं, आणि कुणीतरी ओढलं तसं तटकन तुटलं. काकूंच्या खांद्यावर पानं पडली. मग जो कल्ला झाला तो पार मुख्य रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. काकू रडत होत्या की पाऊस होता, मला सांगता यायचं नाही. हसत मात्र होत्या.

संध्याकाळी पाऊस थांबला. बैल आत गेला. मी काकांना वायर गुंडाळायला मदत करत होतो. घरात बायका जमलेल्या होत्या, काकूंचा आवाज वरच्या पट्टीत लागला होता, त्या तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून सांगत होत्या.

काकांनी वायरीचं वेटोळं कोपरावर घेतलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “सर, तिनं ओढला तवा कशी दिसत होती?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एवढ्या दारांतून बैल गेला, आणि या माणसानं एकदाही मान वर केली नव्हती. बटण आणि वायर.

“मोबाइलवर आहे ना, काका. सगळ्यांनी काढलंय.”

“ते पाहीन. तुमी बाजूले होते, तुमी सांगा.”

मी आठवलं. “हसत वगैरे नव्हत्या,” म्हटलं. “एकदम गंभीर. जिभेचं टोक असं ओठांच्या कोपऱ्यात धरलेलं. डोळे बोटावर.”

काकांचा हात थांबला.

“सुईत दोरा ओवताना तशीच करे,” ते म्हणाले. “शिवणं बंद झालं तवापासून नाही पाह्यलं.”

मग त्यांनी वायर खाली ठेवली, पायरीवर बसले आणि मलाही शेजारी बसायची खूण केली.

“सांगा,” म्हणाले. “पहिल्या घरापासून सांगा.”